मंदार सोसायटीत कोणीच काही टाकत नाही

५ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. सकाळी आभाळ मोकळं. दूधवाला उशिरा. आवारातला पंप पुन्हा बंद. दुपारी अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीतून एक मुलगी आली. पस्तिशीची असावी. पायात गमबूट, कानात मोत्याच्या कुड्या. तिने पंप वर काढवला आणि त्याच्या पोटातून निघालेलं सगळं वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं. सबनीस रागावले. मी गॅलरीतून पाहिलं. संध्याकाळी भरली वांगी केली, मीठ जरा पुढे गेलं.

माणिककाकू गुप्त्यांच्या डायरीतली त्या दिवसाची नोंद एवढीच. पण काकूंच्या डायरीत परक्या माणसाला भरल्या वांग्यांपेक्षा जास्त जागा मिळाली, ही त्या घरात नवलाची गोष्ट होती.

त्या मुलीचं नाव संघमित्रा तायडे. ती दुरुस्ती करणारी नव्हे आणि पंप विकणारीही नव्हे. जिथलं पाणी आपल्या पायांनी बाहेर जात नाही, तिथून ते कसं बाहेर काढायचं याचा आराखडा करणं हे तिचं काम. पावसाचं पाणी असो नाहीतर सांडपाणी, प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा, म्हणून प्रत्येक जागेचा पंपही वेगळा, असं तिचं म्हणणं. शिंप्याकडून माप देऊन कपडे शिवून घ्यावेत तसं.

मंदार सोसायटीचं दुखणं जुनं होतं. घाटकोपर पूर्वेला नाल्याकाठी ही इमारत उभी राहिली तेव्हा ती रस्त्यापेक्षा चांगली दोन पायऱ्या उंच होती. मग रस्ता डांबरी झाला, त्यावर पुन्हा डांबर, त्यावर काँक्रीट. इमारत होती तिथेच राहिली आणि रस्ता मात्र वयात आल्यासारखा वाढत गेला. आता आवार म्हणजे परात. पावसाचं पाणी त्यात येतं, शिवाय नाल्याकाठची जमीन म्हणून बारा महिने पाझर. हे सगळं पाणी आवारातल्या गटारातून एका चेंबरमध्ये जमायचं आणि तिथला पंप ते उचलून रस्त्याच्या लायनीत टाकायचा. निदान टाकणं अपेक्षित होतं.

त्या दिवशी वर्तमानपत्रावर जे मांडलं होतं ते पाहून सेक्रेटरी नंदकिशोर सबनीस लगबगीने खाली आले. झेंडूचा लगदा, दुर्वा, तेलकट वाती, नारळाची शेंडी, एक प्लास्टिकचं तोरण, आणि दोरे. हारांचे दोरे. पंपाच्या पात्यांभोवती ते इतके घट्ट बसले होते की संघमित्राने कटरने कापून काढले. त्यांची एक गोधडी सहज झाली असती.

"हे आमच्याकडचं नाही," सबनीस म्हणाले. "हे बाहेरून येतं."

"बाहेरून म्हणजे कुठून, साहेब?"

"नाल्यातून."

संघमित्राने भिंतीपलीकडे वाकून पाहिलं. नाला बराच खाली वाहत होता. "म्हणजे दुर्वा पोहत वर आल्या."

"मॅडम, तुम्ही ती नोटीस वाचली नाहीत का?"

नोटीस तिने वाचली होती. न वाचणं शक्यच नव्हतं, चेंबरच्या वरच लावली होती. 'गटारात काहीही टाकू नये. हुकुमावरून.' खाली सबनीसांची सही, सहीखाली दोन रेघा.

आता यात कुणाचं चुकलं म्हणावं? निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नसतं, पायदळी येऊ द्यायचं नसतं, वाहत्या पाण्यात सोडायचं असतं, हे मंदारमधल्या प्रत्येकाने आईच्या कडेवरून शिकलेलं. पूर्वी पिशवी भिंतीवरून नाल्यात जायची. मग नाल्यावर उंच जाळी आली. राहिलं काय, तर आवारातलं गटार. ते तर बारा महिने वाहत होतं. मग पहाटे एकेक जण पिशवी घेऊन उतरायचा, सबनीसांची नोटीस नीट वाचायचा आणि मग पिशवी उघडायचा.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर संघमित्राची कंपनी. मालक सर्वेश कोठारी, माणूस चांगला, पण घाई फार. त्यांनी तिचे फोटो पाहिले आणि छापील कॅटलॉग पुढे सरकवला.

"तायडे, ह्यातला दुसरा पंप दे त्यांना. त्यांना स्वस्त, आपल्याला झटपट."

"पुन्हा अडकेल, सर."

"मग सर्व्हिसिंगचं कॉन्ट्रॅक्ट. अजून काय पाहिजे?"

पलीकडच्या टेबलावर अनय हसला. अनयचे सगळे आराखडे कॅटलॉगातून निघत आणि कॅटलॉगातच परत जात.

"आणि अडकला की दर वेळी खाली कोण उतरणार?" संघमित्राने विचारलं. "तिथे शिडीही नाही. माणूस दोर बांधून उतरवतात."

 कोठारींनी चहा ढवळला.

संघमित्राचं ते एक दुखरं ठिकाण होतं. ती वाकोल्याच्या एका दाटीच्या गल्लीत वाढली. वडील खंडू तायडे बुलढाण्याकडून आलेले, कुर्ल्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. आई द्रौपदी ब्लाऊज शिवायची, अजून शिवते. मुलगी इंजिनिअर झाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले. ती काय इंजिनिअर झाली हे कळलं तेव्हा आत्याने पेढा खाली ठेवला होता. "आपल्या माणसांनी त्या घाणीतून वर यायला किती पिढ्या घातल्या," आत्या म्हणाली होती, "आणि तू पगार घेऊन परत तिथेच चाललीस?"

"कोणालाच आत उतरावं लागू नये म्हणून चाललेय गं, आत्या," ती म्हणाली होती. आत्याने पेढा परत उचलला, पण तोंडात घातला नाही. पदरात बांधून नेला.

त्याच गल्लीचं काम आता कोठारींच्या कंपनीकडे आलं होतं. दर पावसाळ्यात गल्लीत पाणी भरतं, ते उपसायला केंद्र बसवायचं. अनयने प्राथमिक रेखाटन करूनही टाकलं होतं. खड्डा गल्लीच्या तोंडाशी, हमरस्त्याला लागून. गाडी लावायला सोयीचं. अडचण इतकीच की पाणी तोंडाशी जमत नाही, आतल्या टोकाला जमतं, आणि आतल्या टोकाला द्रौपदीबाईंचं घर.

"ते काम मला द्या, सर," संघमित्रा म्हणाली.

"घरचं काम. भावनेच्या भरात दोन पंप जास्त लावशील."

"एकसुद्धा नाही लावणार."

कोठारींनी कॅटलॉग मिटला. "हे घाटकोपरचं तुझ्या मनासारखं कर. पुढच्या गणपतीत मी स्वतः जाईन. सबनीसांनी तोपर्यंत एक जरी तक्रार केली, तर वाकोला अनयचं. नाही केली, तर तुझं. बस?"

"बस," संघमित्रा म्हणाली. सबनीसांकडे पाहून कोणाही शहाण्या माणसाने असा सौदा केला नसता.

पंपाचा आराखडा करायचा तर पाण्यातून काय काय येतं आणि किती येतं, हे आधी कळायला हवं. आणि या बाबतीत जगात कोणी खरं बोलत नाही. मोठ्या हॉटेलापासून हॉस्पिटलापर्यंत सगळीकडे संघमित्राला एकच उत्तर मिळालं होतं: आम्ही काही टाकत नाही. म्हणून तिने आपली एक रीत बसवली होती. माणसाला त्याचं स्वतःचं विचारायचं नाही. शेजाऱ्याचं विचारायचं.

एका रविवारी ती मंदारमध्ये दारोदार फिरली. तिसऱ्या मजल्यावरच्या गंधालीने लॅपटॉपवरून मान वर केली.

"तुम्ही तर काही टाकत नसालच," संघमित्रा म्हणाली.

"मी? अहो, मला पूजेला वेळच कुठे आहे यार."

"तेच म्हटलं. पण वरचे?"

"बर्वेकाका?" गंधालीने लॅपटॉप मिटला. "बसा ना. चहा घेणार? रोज सकाळी, लाल पिशवी. म्हणे मॉर्निंग वॉक. जाताना पिशवी असते, येताना नसते. आणि साधी फुलं नाहीत हां, बेलाची पानं. देठासकट."

चौथ्या मजल्यावर देवदत्त बर्वे यांनी आपण गच्चीत खत करतो असं सांगून एक बादली दाखवली. बादली इतकी स्वच्छ होती की तिच्यात तोंड दिसलं असतं. "खालच्यांचं मात्र विचारू नका," ते म्हणाले, आणि विचारायची वाट न पाहता सांगू लागले. "त्या मुलीची सासू आली की सत्यनारायण. केळीचे खांब तुकडे करकरून घातले गटारात. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तुम्ही तेव्हा खाली काय करत होता?"

"मॉर्निंग वॉक."

तळमजल्यावर सबनीसांच्या पत्नी, शकुताई, दारातच उभ्या राहिल्या. "आमच्या ह्यांनीच नोटीस लावलीय, मी कशी टाकेन? माणिकवहिनींना विचारा. त्या पहाटे उठतात. एवढ्या पहाटे माणूस उगाच उठत नाही."

माणिककाकू दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. त्यांनी संघमित्राला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिचा प्रश्न अर्ध्यावरच तोडला.

"थांब. तू सगळ्यांना हेच विचारत आलीस ना? तुमचं नाही, शेजारच्यांचं?"

संघमित्रा पाणी पीत राहिली.

"आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट होत्या. वर्गात दंगा झाला की त्या कधी विचारायच्या नाहीत, तू बोलत होतीस का. विचारायच्या, तुझ्या शेजारची काय बोलत होती. पाच मिनिटांत सगळा वर्ग बाकावर उभा." काकूंनी चष्मा पुसला. "माझं कोणी काय सांगितलं?"

"ते नाही सांगता येत, काकू."

"शकुने सांगितलं असणार. बरं. लिही आता. शकु सबनीस. रोजचा एक हार, संकष्टीला दोन, मंगळागौरीच्या सोळा पत्री, दिवाळीतलं तोरण. ते प्लास्टिकचं तोरण तिचंच. मागच्या वर्षी मी तिच्या दारावर पाहिलं होतं."

"आणि तुमचं?"

"मी फक्त जास्वंद टाकते. ती लगेच विरघळते," काकू म्हणाल्या आणि तिच्या हातातला पेला घेऊन आत गेल्या.

या असल्या साक्षी जुळवण्याचा संघमित्राचा एक हिशोब होता. शेजाऱ्याने सांगितलेलं निम्मं धरायचं आणि स्वतःच्या तोंडून निसटलेलं दुप्पट. त्यावरून तिला मंदारचा अंदाज आला. असा की, पात्यांत कितीही मोठी फट ठेवली, दोरे कापणारं दातेरी चक्र लावलं, तरी भाद्रपदात हा पंप गुदमरणारच.

नोटिसांनी माणसं बदलली असती तर सबनीसांनी एव्हाना सगळी मुंबई बदलली असती. माणसं आहेत तशीच राहणार असं धरून पंप करायचा, ही तिच्या धंद्यातली पहिली पायरी. ती त्या रात्री नव्हे, चांगली आठवडाभर दुपारी जेवणाच्या सुट्टीत विचार करत बसली. ह्या लोकांना पंप बिघडवायचा नाही. त्यांना कचराही करायचा नाही. त्यांना हवंय फक्त वाहतं पाणी. आणि आवारात वाहतं पाणी आहे ते पंपाच्या आधी. ते जर पंपाच्या नंतर असेल तर?

मग कागदावर रेघा भराभर पडल्या. पंपाने उचललेलं पाणी नळीतून थेट रस्त्याकडे न नेता आधी एका उघड्या, कमरेएवढ्या उंचीच्या दगडी पन्हळीत सोडायचं. पाणी पन्हळीतून खळखळत वाहणार, शेवटी एका जाळीच्या टोपलीतून गाळून रस्त्याच्या लायनीत जाणार. जे पडेल ते टोपलीत. टोपली हाताने उचलता येणार, तिच्यातलं झाडांना. दिवसातून पाझराचं पाणी जमेल तसा पंप आपोआप चालणारच. मध्येच कोणाला हवं तर एक बटण, दाबलं की थोडा वेळ पाणी वाहणार. आधीचं गटार मात्र बारीक जाळीने पक्कं बंद. आणि पंप दोन उभ्या रुळांवर बसवलेला. साखळी ओढली की पंपच वर येणार, माणूस खाली जाणार नाही.

सबनीसांच्या समितीपुढे तिने ड्रॉइंग उलगडलं. बर्वेकाका आणि गंधाली एकमेकांकडे न पाहता बसले होते. सबनीसांनी पन्हळीवर बोट ठेवलं.

"हे कशासाठी?"

 खरं सांगावं तर, निर्माल्य सोडायला. पण मंदारमध्ये निर्माल्य कोणी सोडतच नव्हतं.

"शोभेसाठी," संघमित्रा म्हणाली.

"शोभेसाठी पाणी?"

"वाहतं पाणी दिसलं की मन प्रसन्न राहतं, साहेब. मोठ्या सोसायट्यांमध्ये कारंजी असतात. हे आपलं साधं."

"मला बाई आवडलं," माणिककाकू मागून म्हणाल्या. "प्रसन्नतेची ह्या बिल्डिंगला फार गरज आहे."

"माझाही पाठिंबा," बर्वेकाका म्हणाले. "निव्वळ सौंदर्याच्या दृष्टीने."

ठराव एकमताने झाला. मंदारच्या इतिहासात याआधी फक्त वॉचमनची खुर्ची एकमताने झाली होती.

मे महिन्यात पंप बसला. पन्हळीतून पहिल्या दिवशी पाणी वाहिलं तेव्हा सगळे पाहायला उतरले, छान आहे म्हणाले आणि वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीत बेलाची पानं होती, देठासकट. त्यानंतर पहाटे पन्हळीशी जणू नंबर लागू लागले. लोक पिशवी रिकामी करत, बटण दाबत, हात जोडत, आणि कोणी भेटलंच तर म्हणत, "जरा पाणी बघायला आलो होतो." सबनीसांनी शोभेच्या पाण्याजवळही एक नोटीस लावली: 'बटण विनाकारण दाबू नये.' पण त्या टोपलीतलं खत त्यांच्याच मोगऱ्याला जाऊ लागलं आणि मोगरा असा काही फुलला की नोटिशीचा कागद पावसात गळून पडला तेव्हा त्यांनी नवा लावला नाही.

जून गेला, जुलै गेला. आवारात पाणी साचलं नाही. कोठारींच्या टेबलावर घाटकोपरचा फोन आला नाही. अनय रोज विचारायचा, "आज काय, अडकला?" आणि संघमित्रा रोज म्हणायची, "तुझ्या तोंडात साखर पडो." पण मनातून ती दिवस मोजत होती. गल्लीच्या तोंडाशी खड्डा काढलेलं अनयचं रेखाटन त्याच्या टेबलावर, काचेखाली, तिला येता-जाता दिसे.

गौरी जेवायच्या दिवशी सबनीसांनी कोठारींना जेवायला बोलावलं, संघमित्रालाही. सबनीसांकडच्या गौरी तिखटाच्या, कोलंबी आणि मटणाचा नैवेद्य. कोठारींसाठी वेगळ्या पानावर पुरणपोळी. माणिककाकू, बर्वेकाका, गंधाली, सगळे होते. जेवताना सबनीस पंपाविषयी इतकं बोलले की जणू त्यांनीच तो जन्माला घातला होता.

दुसरा पोळीचा तुकडा कोठारींच्या तोंडात होता तेव्हा पाऊस कोसळू लागला. कोणी लक्ष दिलं नाही. या वर्षी पावसाची भीती मंदारला राहिली नव्हती. फक्त संघमित्राचा घास हातात थांबला. असा पाऊस लागला की थोड्या वेळाने जमिनीखालून एक घुमारा यायला हवा. तो आला नाही. ती उष्ट्या हातानेच उठली.

आवारात पाणी चढत होतं. पंप गप्प. धोक्याची घंटा वाजायची, तीही गप्प. पन्हळ कोरडी. ती पॅनेलपाशी पोचेपर्यंत सबनीस दारात आले होते, त्यांच्यामागे कोठारी. पाणी पहिल्या पायरीला लागलं होतं. त्या पायरीपासून चार पावलांवर गौरी बसल्या होत्या.

"सर्वेशभाई, बघा तुमच्या डोळ्यांनी," सबनीसांचा आवाज चढला. "ऐन गौरींच्या दिवशी. ही माझी तक्रार लिहून घ्या."

कोठारींनी संघमित्राकडे पाहिलं. त्या नजरेत वाकोला होतं आणि अनय होता.

ती पॅनेलकडे वळली. पॅनेलचा खटका 'आपोआप'वरून 'हाताने'वर फिरवला. जमिनीखाली घुमारा सुरू झाला. पन्हळीत पाणी आलं, भसाभस आलं. म्हणजे पंप ठणठणीत होता. त्याला चालू हो म्हणणारंच कोणी नव्हतं. ते काम फ्लोटचं. नारळाएवढे दोन पोकळ गोळे चेंबरमध्ये वायरीने सोडलेले असतात. पाणी चढलं की पहिला तरंगत वर येतो, कलंडतो, आणि पंप सुरू होतो. तो चुकलाच तर त्याच्या वरचा दुसरा घंटा वाजवतो. दोन्ही एकदम का चुकले?

झाकणाचं कुलूप उघडंच होतं. तिने ते सरकवलं आणि टॉर्च मारली.

"काय आहे?" बर्वेकाका छत्री घेऊन धावले. "मी उतरू का? लहानपणी विहिरीत उतरायचो मी."

"बर्वेकाका, एक पाय जरी आत टाकलात ना, तर मी पंप बंद करून घरी जाईन," संघमित्रा म्हणाली. "काकू, कपडे वाळत घालायची काठी आहे?"

माणिककाकू दोन मजले चढून काठी घेऊन आल्या, धापा न टाकता. संघमित्राने काठीचं टोक आत घातलं, फिरवलं, एक हिसका दिला आणि हलकेच वर उचललं. काठीच्या टोकाला एक भिजलेला हार होता. शेवंतीचा, मध्ये जरीचे गोंडे. त्या हाराने दोन्ही फ्लोट एकमेकांना आणि रुळाला नीटनेटके बांधले होते, सुंदर गाठ मारून.

सगळ्यांनी हाराकडे पाहिलं. मग दारातून आत, गौरींकडे. दोघींच्या गळ्यात शेवंतीचे हार होते. मध्ये जरीचे गोंडे.

शकुताई पदराने हात पुसत उभ्या होत्या. "दर वर्षी पाटाखाली पाट रचून गौरी बसवते मी," त्या कोणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या. "यंदा पहिल्यांदा जमिनीवर बसवल्या. म्हटलं, ज्याच्यामुळे झालं त्यालाही एक हार. म्हणून ह्यांच्या खिशातून झाकणाची किल्ली घेतली."

"आणि ते गोळे, ताई?"

"वायरीने वर ओढून बांधले. लोंबकळत होते. बरं दिसत नव्हतं."

पाणी पायरीवरून उतरू लागलं होतं. संघमित्राने हार काठीवरून काढला, पिळला आणि अगदी सरळ चेहऱ्याने सबनीसांकडे वळली. "साहेब, तक्रार लिहून घेते. पंप कशामुळे बंद पडला ते मात्र लिहावं लागेल. हाराचा उल्लेख करू?"

सबनीसांनी बायकोकडे पाहिलं. शकुताईंनीही पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात अशा वेळी काय म्हणायचं ते सबनीस शिकलेले होते.

"तक्रार? तक्रार कोण म्हणालं?" ते म्हणाले. "मी म्हणत होतो, पंप किती चटकन सुरू झाला, ते लिहून घ्या."

"तेच म्हणाले ते," माणिककाकूंनी दुजोरा दिला. "मी इथेच होते."

कोठारींनी मोबाईल काढून हाराचा, चेंबरचा आणि शकुताईंचा एकत्र फोटो घेतला. "एवढी वर्षं धंदा केला," ते म्हणाले, "गिऱ्हाईकाकडून वकिलाची नोटीस आलेली पाहिली. हार आलेला पाहिला नाही." मग ते पुन्हा पानावर बसले आणि राहिलेली पोळी तुपात बुडवली. संघमित्राला समोर बसायची खूण केली.

"पण चूक तुझीच आहे, तायडे. फ्लोटला पिंजरा का नाही?"

"कोणी ओवाळायला येईल असं धरलं नव्हतं, सर."

"पुढच्या ड्रॉइंगमध्ये धर. पिंजरा घाल. आणि बाहेर पॅनेलला एक हुक. ज्याला हार घालायचा त्याने तिथे घालावा."

"पुढचं ड्रॉइंग कुठलं?"

"तुझ्या गल्लीचं. अजून कुठलं?" कोठारी म्हणाले. "अनयला मी सांगतो. पंप मोजकेच हां."

संध्याकाळी ती वाकोल्याला गेली. द्रौपदीबाई मशीनवर अस्तर लावत होत्या. तिने चप्पल काढायच्या आधीच सांगितलं. आईने पाय थांबवला, मशीन थांबलं.

"खड्डा कुठे येणार?"

"आपल्या दारासमोर."

"दशरथच्या दारासमोर नाही का होत? त्याची जागा मोठी आहे."

"पाणी आपल्या दारात जमतं, आई. दशरथकाकांच्या नाही."

द्रौपदीबाई उठून उंबऱ्यात गेल्या. गल्लीत दुपारचं पाणी अजून साचलेलं होतं, त्यात समोरच्या दिव्याचा उजेड हलत होता. त्या बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिल्या, घर घेणारा माणूस पाहतो तशा.

"वास येणार?"

"पावसाचंच पाणी आहे. नाही येणार."

"आत कोणी उतरणार?"

"कोणी नाही."

"मग झाकण लोखंडी नको, गंजतं," त्या म्हणाल्या. "चांगलं रुंद सिमेंटचं बसव. जरा उतार देऊन. उन्हाळ्यात मला त्यावर कुरडया घालता येतील." आणि परत येऊन मशीनवर बसल्या. अस्तर वाकडं गेलं होतं, ते उसवू लागल्या.

त्याच संध्याकाळी घाटकोपरला माणिककाकूंनी डायरी उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: सबनीसांकडे गौरी जेवल्या. पाऊस. आल्यावर गॅसचा सिलेंडर संपला, दुसरा लावला.